मी तरंगत का नाही? दीड किलोचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, वजन ७० किलो, अंगकाठी सडपातळ. तीन आठवडे पोहायला शिकण्यासाठी टँकवर जाताय. सर सांगतात, "अंग सैल सोडा, आपोआप तरंगाल." तुम्ही सैल सोडता, आधी पाय खाली जातात, मग कंबर, मग नाकातोंडात पाणी. बायको मात्र दुसऱ्याच दिवशी उताणी पडून आभाळ बघत होती. हजारो टनांचं लोखंडी जहाज तरंगतं, मेलेला माणूससुद्धा तरंगतो, मग मी जिताजागता माणूस का बुडतो? माझं शरीरच न तरंगणारं आहे का?

गेली २६ वर्षं मी पोहायला शिकवतो. दर उन्हाळ्यात हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारणारा बहुतेक वेळा तुमच्यासारखा सडपातळ पुरुष असतो. तुमचं शरीर बहुधा तरंगतं. तुम्हाला प्रत्यक्षात न पाहता यापेक्षा ठामपणे सांगता येणार नाही, पण स्वतःच कसं तपासायचं ते पुढे सांगतो. खरी अडचण वेगळीच आहे. पाय खाली जाणं आणि बुडणं ही एकच गोष्ट आहे असं तुम्ही धरून चाललाय. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

आधी बुडण्याचं पाहू. आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत पाठ केलेलं असेलच: वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. मला ते वर्गात कळलं नव्हतं, विहिरीवर कळलं. रहाटाने पाणी शेंदताना भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत दोन बोटांनी वर येते. तिची कड पाण्याबाहेर आली की दोराला ओढ लागते आणि ती पूर्ण बाहेर आली की हात ताणले जातात. बादलीतलं पाणी तेच, दोर तोच. पाण्यातल्या पाण्याला वजन जाणवत नाही, बाहेर काढलं की जाणवतं. पुढचं सगळं या बादलीवरच उभं आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

जहाजाचं कोडं यातच सुटतं. पोलादाचा घन तुकडा पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, तो तळाला जाणारच. पण त्याच पोलादाची पोकळ परात केली की ती स्वतःच्या वजनाइतकं पाणी सारते आणि तरंगते. घरी स्टीलची वाटी बादलीत सोडून बघा. आडवी बुडवून आत पाणी घेऊ दिलं की तीच वाटी तळाशी. दहीवड्याचं पीठ नीट फेसलं गेलं की नाही हे बघायला त्याचा थेंब पाण्यात टाकतात ना, तोही हाच हिशोब. डाळ तीच असते, आत हवा कोंडली म्हणून थेंब वर येतो.

आता तुमचं शरीर. चरबीची घनता पाण्याच्या साधारण ०.९ पट, म्हणजे ती तरंगते. स्नायू, हाडं, बाकी सगळं मिळून साधारण १.१ पट, म्हणजे ते बुडतं. तुमच्यासारख्या ७० किलोच्या माणसात पंधरा टक्के चरबी धरली, तर फुप्फुसातली हवा वगळून शरीराचं आकारमान भरतं जवळपास ६५.८ लिटर. लिटरभर पाणी एक किलोचं, म्हणजे हवेविना तुम्ही चार किलोंनी बुडता. छाती पूर्ण भरून श्वास घेतला की फुप्फुसात साडेपाच-पावणेसहा लिटर हवा मावते. आकारमान झालं ७१.५ लिटर, वजन तेच ७०. दीड किलो शिल्लक. सगळा श्वास सोडला तरी आत लिटरभर-सव्वा लिटर हवा उरतेच, ती बाहेर काढता येत नाही. तेव्हा आकारमान ६७ लिटर आणि तूट तीन किलोंची.

म्हणजे तुमच्या बाबतीत तरंगणं आणि बुडणं यांच्यामध्ये फक्त एक श्वास आहे. आणि इथेच मला "अंग सैल सोडा" या सल्ल्याचा राग येतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. माणसाला सैल सोडायला सांगितलं की तो पहिली गोष्ट काय करतो? हुश्श करून श्वास सोडतो. खुर्चीत बसल्या बसल्या करून बघा. जमिनीवर ते बरोबर आहे, पाण्यात मात्र तुम्ही तुमची सगळी शिल्लकच सोडून देता. सरांचं ऐकलंत म्हणून बुडालात.

तुमच्या पत्नीचं वेगळं का? बायकांच्या अंगात चरबीचं प्रमाण साधारणपणे जास्त असतं आणि तीस टक्के चरबी असलेली व्यक्ती साधा श्वास सोडल्यावरसुद्धा जवळपास बरोबरीत राहते. त्यांना श्वासाची फिकीर करावी लागत नाही. शिवाय चरबीचा बराच भाग नितंबांवर आणि मांड्यांवर असल्यामुळे पायही सहज वर राहतात. त्यात त्यांचं कसब थोडं आणि देणगी जास्त, हे घरी सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पैलवानांचं याच्या उलट. तालमीत घोटून तयार झालेली मुलं माझ्याकडे येतात, दंड-मांड्या दगडासारख्या, आणि पाण्यात सोडली की तशीच खाली जातात. फार दमसास असेल तर कशीबशी तरंगतात. अगदी थोडे लोक छाती भरूनही तरंगत नाहीत. त्यांना हात हलकेच हलवत राहावं लागतं, पण पोहायला तेही शिकतात.

आता त्या दीड किलोचं तुम्ही काय करता ते बघा. बादली आठवा: जे पाण्याबाहेर काढाल त्याचं वजन तुम्हाला उचलावं लागतं. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं. एक हात साडेतीन किलोंचा. घाबरलेला माणूस काय करतो? मान ताठ करून पूर्ण डोकं बाहेर काढतो. खर्च साडेचार किलो, जवळ दीड. तो खाली जातो, मग दोन्ही हात वर करतो. आणखी सात किलो. कालव्याकाठी किंवा धरणावर माणूस बुडताना लोक सांगतात, "हात वर करत होता हो, आणि बघता बघता गेला." पाण्याने त्याला ओढलेलं नसतं, हातांच्या वजनाने तो दाबला गेलेला असतो. बहुतेक जण तर ओरडतही नाहीत. तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची, यात श्वासच आधी येतो. म्हणून बुडणारा माणूस शांत दिसू शकतो, हे टँकवर मुलांना घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

उताणं पडून कान बुडवले, हनुवटी आभाळाकडे केली की पाण्याबाहेर फक्त चेहऱ्याची चकती राहते. तेवढा खर्च दीड किलोत भागतो. नवशिक्याचे कान कोरडे दिसले की मला पुढचं काही बघावं लागत नाही. कान वाचवायला मान उचललेली असते, मान उचलली की कंबर खाली जाते. पाणी कानात गेल्याने काही होत नाही, बाहेर येऊन एका पायावर चार उड्या मारल्या की निघतं. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

विहिरीत शिकलेल्यांना हे न सांगता कळायचं, कारण तिथे शिल्लक उसनी मिळायची. कुणी वाळलेला भोपळा बांधायचं, कुणी पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा. पांगारा इतका हलका की ओंडका खांद्यावर टाकून पोरगं पळत जाई. माझ्या पाठीला आमच्या थोरल्या काकांनी, म्हणजे तात्यांनी, तेलाचा पाच लिटरचा पत्र्याचा डबा बांधला होता, झाकणाला डाख देऊन हवाबंद केलेला. डब्याचं स्वतःचं वजन अर्धा किलो धरलं तर तो पूर्ण बुडाल्यावर साडेचार किलोंची उचल देतो. म्हणजे बरोबर एका डोक्याइतकी. हे गणित तात्यांनी कधी मांडलं नसणार, पण डबा बांधलेलं पोर मुंडी वर काढून निवांत हात मारायचं आणि डबा काढला की तेच पोर मुंडीपायी गटांगळ्या खायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. डबा काढल्यावर विहिरीच्या काठावरून एकच आरोळी यायची, "मुंडी घाल पाण्यात, मुंडी!"

आता पायांकडे वळू, कारण तुमची मुख्य तक्रार तीच आहे. पाणी तुम्हाला वर ढकलतं ते तुमच्या आकारमानाच्या मध्यातून, आणि हवेचा फुगा छातीत असल्यामुळे तो मध्य बरगड्यांच्या बाजूला सरकलेला असतो. वजन मात्र खाली ओढतं ते बेंबीच्या आसपासच्या मध्यातून, कारण पाय भरीव आणि जड, एकेक पाय अकरा-बारा किलोंचा. छातीकडून वर ढकलणं आणि बेंबीकडून खाली ओढणं म्हटल्यावर माणूस फिरणारच. वजनाचा मध्य आकारमानाच्या मध्याखाली आला की फिरणं थांबतं. कुणी पंचेचाळीस अंशात थांबतं, कुणी जवळजवळ उभं. पण तेव्हाही चेहरा बाहेर असतो! तुम्ही फक्त तिरपे झालात, बुडाला नाहीत. अडचण एवढीच की पाय खाली जाताना माणूस दचकतो, पोटात वाकतो, मान उचलतो, श्वास सोडतो. मग मात्र खरंच बुडतो.

यावर दोन मार्ग. पहिला: पायांना जाऊ द्या. आडवं पडून ते धाडकन सोडू नका, त्यांच्या वेगाने तोंड क्षणभर खाली खेचलं जातं. तळाला टेकलेले पाय तसेच ठेवून, कान बुडवून, छाती भरून मागे रेला आणि थांबा. जिथे थांबाल तो तुमच्या शरीराचा कोन. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

दुसरा: वजन छातीकडे सरकवा. हात पाण्यातच ठेवून डोक्यामागे लांब करा. दोन हातांचे सात किलो कमरेकडून डोक्याकडे गेले की तागडी बदलते आणि पाय वर यायला लागतात. पाण्यातच बरं का, बोटंसुद्धा बाहेर नकोत. गुडघे दुमडले तरी तोच परिणाम, पायांचा दांडा आखूड होतो. जुन्या टँकवर किंवा नदीच्या डोहात पद्मासन घालून तासभर पाण्यावर पडलेले आजोबा पाहिले असतील. लोक त्यांना सिद्धपुरुष समजतात. हठयोगात यासाठी प्लाविनी नावाचा प्राणायामही सांगितलाय, पोटात हवा भरून कमळाच्या पानासारखं तरंगण्याचा. आजोबांची साधना मी नाकारत नाही, पण निम्मं श्रेय मांडीला आहे: सगळे पाय पोटाशी आले, फुगा आणि वजन एका रेषेत आले. मांडी सोडायला लावली तर यांतल्या काटक आजोबांचेही पाय तुमच्यासारखेच खाली जातील.

आता तपासणी. छातीइतक्या पाण्यात, शिकवणारा माणूस हाताच्या अंतरावर असताना करा, एकट्याने नको. छाती गच्च भरा, तोंड पाण्यात घाला, गुडघे पोटाशी घेऊन हातांनी कवटाळा. मुटका मारताना करतो तसं मुटकुळं, फक्त उडी न मारता. पहिले दोन-तीन सेकंद खाली जाल, घाबरू नका, मग सावकाश वर येऊन पाठीचा थोडा भाग पाण्याबाहेर येईल आणि तिथे हेलकावत राहाल. ती पाठ म्हणजे तुमची शिल्लक. आता नाकातून हळूहळू बुडबुडे सोडा. एका ठरावीक बुडबुड्याला पाठ पाण्याखाली जाईल आणि तुम्ही तळाकडे जाऊ लागाल. पाय सोडा आणि उभे राहा. माझ्याकडे हे केल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो दहा व्याख्यानांनी येत नाही. आपण कुठल्या श्वासाला तरंगतो आणि कुठल्या श्वासाला बुडतो, ते त्याला अंगाने कळलेलं असतं. आधी भराभर खोल श्वास घेऊन दम वाढवायला जाऊ नका, त्याने पाण्याखाली शुद्ध जाऊ शकते.

एकदा हे जमलं की उताणं पडून श्वासाची लय बदला. जमिनीवर आपण भरतो, सोडतो आणि सोडून थांबतो. पाण्यात भरून थांबायचं. तीन-चार सेकंद आत धरा, मग पटकन सोडून लगेच भरा. मधली रिकामी वेळ जितकी कमी, तितकं खाली जाणं कमी.

परिस्थितीनुसार काय बदलतं, तेही सांगतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड, म्हणजे तुम्हाला पावणेदोन किलो वाढीव. तारकर्लीला गेलात तर शिल्लक दुपटीच्या वर जाईल आणि वाटेल, आपल्याला आलंच की. हा खाऱ्या पाण्याचा प्रताप. कोकणात भाताचं बी निवडताना दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालतात, पोचट दाणे वर येतात आणि भरलेले तळाशी बसतात. तुम्ही तिथे थोडे पोचट ठरता, एवढंच. पण लाटा आणि ओढ यांच्यापुढे या पावणेदोन किलोंची काही मातब्बरी नाही, शिकायचं ते टँकमध्येच.

याच्या उलट फेसाळलेलं पाणी. बंधाऱ्यावरून किंवा धबधब्यावरून पडणारं पांढरं पाणी म्हणजे पाणी आणि हवा यांची मिसळ, ते हलकं असतं. त्यात शिल्लक उरत नाही, हात मारला तरी पकड मिळत नाही, वर पाणी फिरवून पुन्हा पडत्या धारेखाली आणतं. चांगले पोहणारेही तिथे बुडतात ते यामुळे. पावसाळ्यात धबधब्याखालच्या डोहात उतरू नका, हे मी माझ्या उत्तम विद्यार्थ्यांनाही सांगतो.

आणि खोली. खाली जावं तसं दाब वाढतो आणि छातीतला फुगा आवळला जातो. तुमची दीड किलोची शिल्लक साधारण साडेतीन मीटरवर, म्हणजे दोन परस (दोन पुरुष उंचीच्या) पाण्याखाली, संपते. त्याखाली छाती भरलेली असली तरी तुम्ही आपोआप खालीच जाता. विहिरीत तळाचा दगड काढायला गेलेल्या पोरांना खाली कुणीतरी ओढतंय असं वाटायचं आणि गावात म्हणायचे, साती आसरांनी पाय धरला. त्या पोरांना ओढ खोटी वाटत नव्हती. वर यायला पहिले चार हात जोर लावून मारायचे, पुढे पाणीच वर आणतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं.

राहिला मेलेला माणूस. तोही आधी बुडतोच. काही काळाने शरीर आतून कुजायला लागतं, वायू साठतो, वजन तेच राहून आकारमान फुगतं आणि देह वर येतो. कोमट पाण्यात हे एक-दोन दिवसांत होतं, थंड आणि खोल पाण्यात फार उशिरा, कधी कधी होतही नाही. तेव्हा मढ्याशी स्पर्धा करू नका, त्याला श्वास सोडायचा नसतो.

अंगावरच्या कपड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सरांनी "भिजलेले कपडे खाली ओढतात" असं सांगितलं असेल तर तेही अर्धंच. भिजलेल्या कपड्यातल्या पाण्याला पाण्यात वजन नसतं. ते हातपाय अडवतात, गुंडाळतात, आणि खरं वजन जाणवतं ते काठावर चढताना.

हे मला नेमकं कधी कळलं ते सांगतो. डबा बांधून महिनाभर झाला होता. त्या दिवशी मी विहिरीला दोन फेऱ्या मारल्या, तात्या काठावर बिडी ओढत बसलेले, एकदाही ओरडले नाहीत. पायऱ्यांपाशी आलो, पहिल्या पायरीवर पाय ठेवून उठलो, आणि पाठीवरचा डबा असा काही मागे खेचायला लागला की मी पुन्हा पाण्यात आपटलो. डब्याच्या बुडाला आणि वरच्या कोपऱ्याला त्यांनी सकाळीच खिळ्याने भोकं पाडून ठेवली होती. डबा काठोकाठ पाण्याने भरला होता.